सुध्या, घर पाडतोय

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुझ्या दोन फोनांना उत्तर दिलं नाही. शिव्या घातल्या असशील, पोचल्या. माझी तब्येत बरी, साखर जिथे होती तिथेच. लिहायचं कारण, आपलं घर पाडतोय. ‘आपलं’ म्हणतो, कारण तू तुझ्या घरी कमी आणि आमच्या ओसरीवर जास्त जेवलास.

जेसीबी सोमवारी यायचा होता. शनिवारी पुतण्या आला, तो कारखान्यात सेफ्टीचं बघतो. छपराकडे पाहून म्हणाला, “काका, आधी जेसीबी थांबवा.” मग त्यानं सगळं घर पालथं घातलं. छपराचे 22 सिमेंट पत्रे, संडासाचा हवेचा पाईप, न्हाणीवरची टाकी, चुलीमागे आबांनी ठोकलेला तुकडा, सगळ्यांवर खडूनं फुल्या. नुसतं बघून कळत नाही म्हणे. तडकलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी फवारलं, पकडीनं बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला, दोन पिशव्यांत घातला आणि मोडलेल्या कडेला रंग फासला. मी म्हटलं, “लेका, घर पाडायचं आहे, लग्नाला उभं नाही करायचं.” हसला नाही. पुढे प्रयोगशाळेचा कागद आला: क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस.

तो पत्रा कुणाच्या षटकारानं तडकला होता, ते तू आजही कबूल करत नाहीस. बॅट माझी म्हणून मार मी खाल्ला.

1983 चा मे आठव. कवेलू उतरवून आबांनी हे पत्रे आणले. ते करवतीनं कापत होते, आपण टोकं धरून बसलो होतो. भुवयांसकट पांढरे झालो. तू हनुवटीला भुगा चोळून म्हातारा झालास आणि आईकडे भिक्षा मागायला गेलास. आबा म्हणाले, “काऊन बे खोकलून राह्यले? पाणी प्या.”

पुतण्या म्हणतो, शाबूत पत्रा फारसा उपद्रवी नाही. कापला, फोडला की ॲस्बेस्टॉसचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, फुफ्फुसात बसून राहतात, आणि दुखणं बहुतेक 20 ते 40 वर्षांनी वर येतं. बोटं मोजलीस? मीही मोजली. दोन दिवसांच्या कामाला एवढं भिऊ नका, कारखान्यात जन्म घालवलेल्यांचं खरं, असंही तोच म्हणतो. पण तू बिडी ओढतोस. तंतू आणि धूर मिळून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेहून जास्त वाढतो. डॉक्टरकडे जा आणि नुसती ‘धूळ’ सांगू नकोस, ॲस्बेस्टॉस म्हण.

खरी अडचण सुमनकाकूची आहे. बकऱ्यांच्या कोठ्यासाठी आठ पत्रे मी तिला आधीच कबूल करून बसलो होतो. पाडलेल्या घराचं दार, वीट, कवेलू सगळं कुणाच्या तरी घरी पुन्हा उभं राहतं, आपल्याकडे फेकतो कोण? आणि हा म्हणतो, पत्रे भिजवा, बोल्ट काढा, अख्खे दोरानं उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बुटीबोरीला घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवा. इंग्लंडनं ॲस्बेस्टॉस 1999 मध्ये बंद केलं. आपल्याकडे त्याच्या खाणीचे नवे परवाने 1986 पासून बंद, पण माल बाहेरून येतो, आणि दारव्ह्यात दुकानात पत्रा मागितला की मिळतो. काकूला मी कोणत्या तोंडानं सांगू?

सांगितलं. ती म्हणाली, “तुया बापानं त्याच्याखालीच जलम काढला, त्याले काय झालं?”

आबा शेवटी दोन पायऱ्या चढले तरी धापा टाकायचे, तूच मोटारसायकलवर यवतमाळला न्यायचास. डॉक्टरनं दमा म्हटलं, आपण म्हातारपण म्हटलं. दमाच असेल. करवत त्यांच्या हातात होती, एवढं मात्र मला आता रोज दिसतं. घरी कुणाजवळ बोललो नाही.

काकूला टिनं घेऊन देतो म्हटलं. तिला नकोत, उन्हाळ्यात टिनाखाली बकऱ्या भाजतात म्हणते. तेही खरंच आहे. आता टिनावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकून देईन म्हणतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे बाकी आहेत. रविवारी पत्रे उतरवतो. ये, पण लांब बाभळीखाली बस, आणि बिडी आणू नकोस.

माळ्यावर बॅट सापडली. ओल्या फडक्यानं पुसून ठेवली आहे.

तुझा,
बाळ्या