घारापुरीला वीज गेली, आता आमची नदी ओलांडा

मा. ऊर्जामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भामरागड तालुक्यात समुद्र नाही. पण इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम फुगल्या की नाल्यापलीकडच्या गावांची बेटेच होतात. रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, बुडतो, तारांवर झाड पडते. लाईनमन या काठाला, फॉल्ट त्या काठाला. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे अकरा दिवस अंधार होता.

मी आयटीआय केलेला वायरमन. पोटासाठी काही वर्षे उरणला होतो, तेव्हा घारापुरी पाहिली. २०१८च्या फेब्रुवारीत तिथे समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज पोहोचली. तोवर ते बेट संध्याकाळी काही तास जनरेटरवर चाले. आमचा नाला पुरातही अर्धा किलोमीटर भरत नाही.

खर्चाचा बाऊ कुणी करील म्हणून सांगतो. केबल म्हणजे लांबलचक कंडेन्सरच, वीज साठवून धरणारा. एसी वीज सतत दिशा बदलते, त्यामुळे ती लांब नेली की केबल पुन्हा पुन्हा भरण्यातच करंट खर्ची पडतो. म्हणून स्वीडनने १९५४मध्ये गॉटलंड बेटाला जवळपास शंभर किलोमीटरवरून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज दिली. आमचे अंतर इतके कमी की तसले काही नको, साधी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) एसी केबल पुरे.

मात्र घारापुरीची नक्कल करू नका. समुद्रात भीती जहाजाच्या नांगराची. चिखलात पुरलेल्या, पोलादी तारांचे चिलखत घातलेल्या केबलला ते बरेचसे झेपते. नदीचे तसे नाही. पुरात तळाची रेतीच वाहून जाते, केबल उघडी पडून लोंबकळते आणि मग वाहत आलेला एखादा सागाचा ओंडका तिचा निकाल लावतो. तेव्हा चर खणून पुरण्यापेक्षा दोन्ही काठांच्या उंचावरून, तळाच्या बऱ्याच खालून आडवे ड्रिलिंग करून पाइप टाका. शेजारी एक रिकामा पाइपही ठेवा. पहिली केबल गेली तर दुसरी ओढता येईल. जॉइंट नदीखाली नकोच. आणि तुटलेली केबल जोडायचे जॉइंटचे किट पलीकडच्या गावात ठेवा, तालुक्याच्या स्टोअरमध्ये पडलेल्या किटचा पुरात काय उपयोग? रपट्याला केबल बांधायची सूचना येईलच, ती ऐकू नका.

राहिला सर्व्हे. एप्रिलमध्ये आलेला साहेब चपला हातात घेऊन नाला ओलांडतो आणि तीन फूट चर पुरेल असे लिहून नेतो. माणूस पूर ओसरल्या ओसरल्या पाठवा. डोह यंदा कुठे सरकला, हे जाळे टाकणारे दाखवतील. त्याची जेवणाची सोय माझ्याकडे.

आपला,
पलीकडच्या काठावरचा एक वायरमन