पाडव्यापर्यंतचा नेम

रत्नागिरी
२७ डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांना,
सा. नमस्कार.

आज चौथा शनिवार, बँक बंद आहे, म्हणून सावकाश बसून लिहिते आहे. फोनवर तुमच्या तब्येतीचा विषय काढला की बाबा ‘माका काय झालेला नाय’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आई, मग तू मी जेवले का ते विचारतेस. पत्र मात्र तुम्ही दोघंही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता आणि कपाटात ठेवता. हे पत्र कपाटात न ठेवता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला लावून ठेवा, एवढी विनंती आधीच करते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. बाबांनी रोज चालायचं, आईने मीठ कमी करायचं आणि बीपीची गोळी दोघांनीही चुकवायची नाही. बाबा, तुम्ही लगेच म्हणालात, नव्या वर्षापासून सुरू करू. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतं आहे. १ जानेवारीला आपल्याकडे काय असतं ते मला माहीत आहे. किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या, सगळी लॉज भरलेली, कलमांना मोहोर फुटलेला, फवारणीची धावपळ, तुडतुड्याची चिंता. त्या गडबडीत मनातल्या मनात ठरवलेली गोष्ट संक्रांतीपर्यंतही टिकत नाही. तिला वेळ नेमून दिलेली नसते, जागा नेमून दिलेली नसते, ती कुणी ऐकलेली नसते आणि ती कधी पुरी व्हायची हेही ठरलेलं नसतं. वर्षभराचं ओझं एका रात्रीत उचलायचं आणि तेही एकट्याने, हे कुणालाही जड जाईल.

आपल्या घरात नेम करायची रीत याहून कितीतरी शहाणी आहे. आई, तू दर चातुर्मासात एक वस्तू सोडतेस. आषाढी एकादशीला सोडायची, कार्तिकीला सोडवायची, आणि आधी ती कुणाला तरी देऊन मगच तोंडात घालायची. चार महिने घरातलं कुणी तुला ती वस्तू वाढत नाही, शेजारची काकूसुद्धा हळदीकुंकवाला बोलावताना लक्षात ठेवते. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, आणि सगळ्यांना माहीत.

आणि बाबा, तुमची तंबाखू. रात्रीची एसटी चालवताना झोप येऊ नये म्हणून लागलेली सवय. घरात बसून ती सोडायचं तुम्ही ठरवायचात आणि स्टँडवर पोचेपर्यंत मोडायचात, हे आईकडून ऐकलंय. दादा आजारी पडला तेव्हा तुम्ही रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवलात, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, प्रत्येक वाक्यामागे जमलेल्या माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, आणि तंबाखू सुटली ती सुटलीच. देवाचा धाक होताच. पण मला वाटतं, निम्मं काम त्या ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांनी केलं. त्यानंतर गावातल्या एकाही माणसाने तुमच्यापुढे चंची धरली नाही.

याच गोष्टीचा लोकांनी रीतसर अभ्यासही केला आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये एक अभ्यास छापून आला. तरुण विद्यार्थ्यांचे गट केले आणि आठवड्यातून निदान एकदा तरी जोमाचा व्यायाम करा असं सांगितलं. एका गटाला हृदयविकाराचा धोका समजावून दिला. त्यांतल्या ३५ टक्क्यांनीच व्यायाम केला. म्हणजे ज्यांना काहीच समजावलं नव्हतं त्या ३८ टक्क्यांपेक्षाही थोडे कमीच. ज्या गटाला तेच सगळं सांगून शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून द्यायला लावलं, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी तो केला. मी तुम्हाला अटॅकची, लकव्याची भीती घालत बसत नाही ती यामुळेच. गणपतीत भटजी संकल्प सांगतात तेव्हा संवत्सर, ऋतू, मास, तिथी, वार, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कोण, कुठल्या गोत्राचा, एवढं सगळं आधी येतं आणि काय करणार ते शेवटी. चालायच्या नेमालाही तेवढंच नेमकं बांधून घेऊया.

तुमचं म्हणणं असं की सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूत चालेन. बाबा, हिशेब तुम्हीच मला शिकवलात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. ३ जानेवारीला पौर्णिमा आहे, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आधी भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुकती. अगदी मनासारखी वेळ. पण भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. आठ दिवसांनी अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. तुम्ही चप्पल घालून निघणार त्याच वेळी पाणी वर येत असणार. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, भरती फार वर चढत नाही हे खरं, पण मग चालायला उरते ती वरची कोरडी भुसभुशीत वाळू आणि तुमचा उजवा गुडघा ती सहन करणार नाही. आज पाच, उद्या पावणेसहा, परवा साडेसहा असं वेळापत्रक असलेली गाडी तुम्ही इतकी वर्षं एसटीत असताना तरी कधी चालवलीत का?

म्हणून किनारा हौसेसाठी ठेवा. नेम रस्त्याचा करा. चारचा चहा झाला, कप मोरीत ठेवला की घरात परत न बसता थेट चपला. वाडीतल्या वाटेने रवळनाथाच्या देवळापर्यंत, पाराला टेकून दोन मिनिटं दम खायचा आणि परत. जाऊन-येऊन अर्धा तास होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा भरभर चालण्याएवढी हालचाल करायला सांगते. अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, झाले दीडशे. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत असं त्यांचं सांगणं आहे, कारण या वयात पडणं फार महागात जातं. पडवीचा खांब हाताने धरायचा आणि एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसऱ्या पायावर. खांब सोडायचा नाही. आणि आईने तेव्हा जवळ उभं राहायचं.

परत आलात की मला एक मिस्ड कॉल द्या. उचलणार नाही, पैसे जाणार नाहीत. तुमचा कॉल दिसला की मीही त्या दिवशी बँकेतून रिक्षा न करता घरी चालत येईन. तुम्ही निघाला नाहीत तर माझंही चालणं राहील, हे लक्षात असू द्या.

आई, आता तुझं मीठ. ‘लोणचं बंद, पापड बंद, खारा बांगडा बंद’ असा फतवा मी काढणार नाही. नुसतं काही सोडायचं ठरवणाऱ्यांपेक्षा नवं काही करायला घेणाऱ्यांचे नेम जास्त टिकतात. स्वीडनमध्ये हजाराहून जास्त लोकांच्या नववर्षाच्या संकल्पांचा पाठपुरावा केला तेव्हा पहिल्या प्रकारातले ४७ टक्के लोक यशस्वी झाले आणि दुसऱ्या प्रकारातले ५९ टक्के. म्हणून काय करायचं ते सांगते. दिवसभराचं मीठ एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. आपल्या घरात ते पानातल्या मिठापेक्षा भलत्याच वाटेने पोटात जातं. सोलकढीसाठी तू आगळ, म्हणजे कोकमाचा रस, वापरतेस, ते तर मिठातच टिकवलेलं असतं. त्याऐवजी बिनमिठाचं कोकम भिजवून सोलकढी कर. येत्या मे महिन्यात कोकमं फोडशील तेव्हा एक बरणी खास बिनमिठाची सुकव, मी येईन मदतीला. आणि सुकी मासळी ही पावसाळ्याची सोय आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीमुळे यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हा बोंबील आणि खारा बांगडा काढावाच लागतो. आता जानेवारीत दारात ताजा बांगडा, तारली येते आहे. तिरफळं घालून तिखलं कर, मीठ जरा हात आखडून घाल आणि वरून कोकम. तुझ्या हाताला चव आहे, थोडं मीठ कमी झाल्याने ती जाणार नाही. रविवारी एक पापड खा, सुखाने खा.

गोळीचं थोडक्यात. आई, तुळशीला पाणी घालायचा तांब्या जिथे ठेवतेस त्याच्याशेजारी गोळ्यांची डबी ठेव. पाणी घातलं की गोळी. बाबांची डबी सकाळच्या चहाच्या कपाशेजारी. आणि बाबा, बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवू नका. ते गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं. थांबवायची की नाही ते डॉक्टरांना विचारून.

आई, एका बाबतीत मात्र मी तुझ्या विरुद्ध आहे. एक दिवस खंड पडला की नेम मोडला, सगळं पाण्यात गेलं, असं तू मानतेस. व्रताचं तुझं तू बघ, मी त्यात बोलणार नाही. पण चालणं आणि मीठ यांना हा कायदा लावू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता, नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात याचा. सरासरी ६६ दिवस आले. कुणाला १८ लागले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. बाबांना ताप आला, घरात पाहुणे आले, देवळात जत्रा असली तर एक दिवस जाऊ दे. दुसऱ्या दिवशी चहा झाला की चपला.

आता शेवट ठरवूया, कारण शेवटाशिवाय नेम मला मान्य नाही. वर्षभराचं बोलायचंच नाही. १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत. येता पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे अडीच महिने, ते सहासष्ट दिवस त्यात आरामात बसतात. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली की बाबांनी देवळात नारळ ठेवायचा. पुढचा नेम आषाढीपर्यंत करायचा की नाही ते त्यानंतर बसून ठरवू.

माझाही नेम तुमच्या कानावर घालते, म्हणजे तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल. पाडव्यापर्यंत दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी मी घरी येणार. २४ जानेवारी आणि २८ फेब्रुवारी. मग पाडव्याला. तुम्ही दोघं आहात तिथे मला यायचं आहे, आणि पुढची खूप वर्षं यायचं आहे. त्यासाठीच ही सगळी खटपट.

२४ तारखेला सकाळच्या गाडीने कुडाळला उतरेन, तिथून वेंगुर्ल्याची एसटी मिळते, बाबांनी स्टेशनवर यायला नको. येताना बीपी मोजायचं मशीन घेऊन येते, पट्टा दंडाला कसा लावायचा ते दोघांनाही शिकवीन. तोपर्यंत दादाच्या जुन्या वहीत रोज एक ओळ लिहा: गोळी घेतली का, चाललात का. बाकी काही लिहू नका. आई, मागच्या वेळी नेलेला डबा माझ्याकडेच आहे, तो आणते.

तुमची,
लेक