माळावरची शेड की वसाहतीतला गाळा?

महोदय,

माझा भाचा टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर आहे. आयटीआय करून सहा वर्षं नोकरी झाली, आता त्याला स्वतःचं मशीन शॉप टाकायचंय. गावाकडच्या घरच्या पाच गुंठ्यांत शेड मारायची, म्हणजे भाडं नाही, असा त्याचा हिशेब. कोल्हापूर भागात असा विचार करणारी पोरं बरीच आहेत, म्हणून हे पत्र.

२०११ मध्ये मीही हेच केलं होतं, हातकणंगले तालुक्यात, हमरस्त्यापासून दोन किलोमीटर आत. भाडं वाचलं हे खरं. पण पावसाळ्यात गावच्या फिडरवर फांदी पडली की वीज कधी येईल याचा भरवसा नसे. नगाला आतून भोक कातत (बोअर मारत) असताना वीज गेली की टूल नगातच अडकायचं, त्याचं कापणारं टोक (इन्सर्ट) फुटायचं, नग भंगारात जायचा. हीट ट्रीटमेंटला, म्हणजे धातू तापवून कणखर करून घ्यायला, चाळीस नग न्यायचे असले तरी भाडं अख्ख्या टेम्पोचं.

२०१७ मध्ये शिरोली एमआयडीसीत (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत) भाड्याने गाळा घेतला. पाणी, वीज, दाराशी पुणे-बेंगळुरू महामार्ग हे फायदे सगळेच सांगतात. मला मात्र तारलं ते शेजाराने.

एकदा पंप बॉडीच्या नव्या लॉटला बोअर मारायला घेतला. दुसऱ्याच नगात आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. मशीन थांबवलं, नग पोत्यात गुंडाळला आणि तो जिथे ओतला होता त्या फाउंड्रीत चालत गेलो. पाच मिनिटांची वाट. तिथल्या मिस्त्रींनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कोअर ओला राहिलाय." कोअर म्हणजे नगाच्या आतली पोकळी राखायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा. तो ओला असला की ओतकामाच्या वेळी त्याची वाफ धातूत कोंडते आणि अशी भोकं (ब्लो होल) पडतात. त्यांनी उरलेले कोअर त्याच दुपारी पुन्हा भट्टीत घातले. दुसऱ्या दिवशीचं कास्टिंग स्वच्छ निघालं.

माळावर असताना, २०१३ मध्ये, असाच दोष मला उशिरा कळला होता. सगळा लॉट मशीनिंग करून पाठवला आणि १२५ नग परत आले. ते नुकसान भरायला मला दोन वर्षं लागली.

पॅटर्नवाला (साच्याचा नमुना बनवणारा), ग्राइंडिंगवाला, गेज (माप तपासायचं साधन) तपासून देणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. माझं सध्याचं सर्वांत मोठं काम मला वजनकाट्यावर रांगेत उभं असताना मिळालं. पुढच्या टेम्पोतले नग मी पाहिले, मालकाने माझे पाहिले, तिथेच बोलणं झालं.

आता अडचण. एमआयडीसी १९६२ पासून राज्यात वसाहती उभारते आहे, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट मिळतात. पण नवख्या पोराला अख्खा प्लॉट झेपत नाही. त्याला हवा हजार-बाराशे चौरस फुटांचा गाळा, थ्री फेज जोडणीसह आणि परवडेल अशा भाड्यात. मोठ्या कारखान्याला जमीन देतानाच त्याच्या शेजारी अशा गाळ्यांसाठी जागा राखून ठेवावी, ही माझी कळकळीची मागणी आहे. मोठ्या कारखान्यालाही दोनशे नगांचं तातडीचं काम करून देणारा माणूस जवळ लागतोच.

तोवर भाच्याला मी माझ्या गाळ्यातला एका लेथपुरता कोपरा मोकळा करून दिला आहे.

— एक लघुउद्योजक, शिरोली (कोल्हापूर)