राणीबागेची वेळ उन्हाळ्यापुरती तरी बदला

महोदय,

मे महिन्याची सुट्टी लागली की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथली कुटुंबे मुलाबाळांना घेऊन भायखळ्याची वाट धरतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत महापालिकेचे मोठे प्राणिसंग्रहालय नाही, त्यामुळे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीबाग, हेच आपलेही. तिकीट परवडणारे आहे: मोठ्या माणसाला ५० रुपये, आईवडील आणि दोन मुले अशा चौघांना मिळून १००. अडचण वेळेची आहे. तिकिटाचे दार साडेनऊला उघडते. गाड्या बदलत, रांगेत उभे राहत आत पोचेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात, आणि तोवर प्राण्यांचा दिवस संपलेला असतो.

वाघ, बिबट्या, अस्वल, तरस हे उन्हात फिरणारे प्राणी नव्हेत. त्यांची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी. वाघाला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून, पाण्यात बसून किंवा सावलीत निपचित पडून अंग थंड ठेवतो. म्हणून अकराला काचेसमोर आलेल्याला दिसते ती झुडपाआडची पाठ आणि मधूनच हलणारा कान. मग कोणी हाका मारतो, कोणी अंगठीने काच ठोकतो, कोणी खडा उचलतो. आपण त्याला ‘उठवतो’ तेव्हा सावलीतून उन्हात ढकलत असतो आणि धाप वाढवत असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे या सगळ्याला मनाई आहे. खाऊबाबत तर फार सांभाळायला हवे. हरणे रवंथ करणारी. पाव-बिस्किटांचा पिठाळ मारा झाला की त्यांच्या पोटात आम्ल वाढते. वेफर्सचे रिकामे पाकीट मिठाच्या चवीसाठी चघळता चघळता गिळले जाते आणि पहिल्या जठरात अडकून बसते. तिथून ते पुढे सरकत नाही, अन्न तुंबते आणि जनावर हळूहळू खाणे सोडते.

वेळ बदलेपर्यंत निदान क्रम तरी बदला. बहुतेक मंडळी शिरल्या शिरल्या पेंग्विन कक्षाकडे धावतात. हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून इथे ८ पेंग्विन आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. ते काचेपलीकडे १६ ते १८ अंशांत राहतात. बाहेर सकाळ असो की दुपार, त्यांना फरक पडत नाही, मग तुम्हीही सकाळ त्यांच्यावर का घालवावी? साडेनऊला थेट वाघ, बिबट्या, अस्वल गाठा, मग पक्ष्यांचे मोठे पिंजरे. पाणघोडा आणि मगर उन्हातही पाण्याशीच असतात, त्यांना साडेअकरा चालतील. मगर जबडा उघडा टाकून स्वस्थ पडलेली दिसली तर ती चिडलेली असेलच असे नाही, तोंड उघडे ठेवल्यानेही डोक्यातली उष्णता बाहेर पडते. पेंग्विन शेवटी, ऊन कडक झाल्यावर. बाहेर पडताना गोरखचिंचेचे जाडजूड खोड मुलांना जरूर दाखवा. राणीबाग १८६२ सालची आहे, तिथली झाडे प्राण्यांइतकीच पाहण्यासारखी. साडेबारापर्यंत फाटकाबाहेर.

दिवस निवडताना दोन गोष्टी. बुधवारी उद्यान बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बहुधा ते उघडे ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालाही बुधवारचीच सुट्टी. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, तो साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमका दमलेल्या मुलांना घेऊन परतण्याच्या वेळी. मंगळवार किंवा गुरुवार उत्तम. ठाण्याहून भायखळ्याला थांबणारी जलद गाडी मिळाली तर आठ-सव्वाआठला निघणे पुरते. नवी मुंबईकरांनी कुर्ल्याला गाडी बदलावी, आणि सोबत आजी-आजोबा असतील तर तिथल्या जिन्याचा वेळ धरून अर्धा तास आधी निघावे.

आता माणसांचे. किनाऱ्यावर पारा चाळिशीला टेकत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण अंग थंड होते ते घाम वाळल्याने, आणि दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. हवामान खात्यानेही किनारपट्टीवरच्या उष्णतेच्या लाटेसाठी चाळीसऐवजी ३७ अंशांचा निकष ठेवला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आतच होता.

माणशी किमान एक लिटर पाणी घ्या आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. तेच अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतले की मीठ दुप्पट होते आणि लहान मुलाला ते बाधते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, आईचे दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्यावे. बाबागाडीवर ओढणी पांघरू नका, आत हवा कोंडून गाडी तापते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्यावे. डब्यात दहीभात किंवा श्रीखंड नको, चार तासांत ते आंबते. ठेपले, दशम्या, काकडी चालते. मूल बरळू लागले, कातडी तापून भाजल्यासारखी लागली, उलट्या झाल्या तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवे करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

हे सगळे सांभाळूनही साडेनऊचे दार आड येतेच. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उद्यान पहाटे उघडते, म्हणजे फाटक आणि पहारेकरी तेव्हाही असतातच. खरी अडचण आतल्या कामाची आहे: प्राणी बाहेर सोडण्यापूर्वी रात्रीच्या खोल्या तपासणे, झाडलोट, पाणी बदलणे. त्यासाठी कर्मचाऱ्यांची पहिली पाळी पहाटे पाचला आणावी लागेल आणि त्याचा मोबदला त्यांना मिळायलाच हवा. मुंबई महापालिकेने एप्रिल आणि मे या दोन महिन्यांपुरती तरी सकाळी साडेसात ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते साडेसहा अशी वेळ ठेवावी, मधले चार तास प्राण्यांना आणि रक्षकांना विसावा द्यावा. सकाळच्या तिकिटावर त्याच दिवशी दुपारी पुन्हा प्रवेश मिळावा, म्हणजे मधला वेळ शेजारच्या संग्रहालयात काढता येईल आणि लांबून आलेल्यांना पुन्हा रांग लावावी लागणार नाही.

— एक वाचक, ठाणे (पूर्व)