वेगेत (WG, म्हणजे अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात) नव्याने राहायला आलेल्यांसाठी सूचना

मंडळी, ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीत आलेल्यांनी इकडे लक्ष द्या. खोलीत सामान टाकल्यापासून 14 दिवसांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची असते. त्याला घरमालकाने सही केलेला वेगळा दाखला लागतो, नुसता भाडेकरार पुरत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, आजच शोधा.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना 18.36 युरो, घरामागे एकच, माणशी नाही. पत्र आलं की आधी घरात विचारा. कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी-क्रमांक कळवायचा, झालं.

रात्री 10 नंतर मिक्सर नको. आणि फोडणी टाकताना दार बंद, खिडकी सताड उघडी! माझ्या मिरची-मोहरीने पहिल्याच रविवारी अलार्म वाजवून चौघांना जिन्यात आणलं होतं, एकाच्या तोंडात टूथब्रश.