आमच्या आयडीचाही पंचनामा व्हावा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी पुण्यात कोथरूड भागात खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. गाव परभणी जिल्ह्यात. मृग लागायच्या आधी वडील पंचांग काढून बघतात, यंदा नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की कोल्हा. मी हसायचो त्यांना. आता मीही तेच करतो, फक्त पंचांगाच्या जागी ॲप आहे.

दिवसाला १२ ऑर्डरी झाल्या की इन्सेन्टिव्ह. ११ झाल्या की फोन मुका. रोज नाही होत असं, पण इतक्यांदा होतं की प्रत्येकाने त्यावर आपापली तोड काढलीय. कुणी लॉगआउट करून परत येतो. कुणी कर्वे पुतळ्यापाशी थांबतच नाही, तिथे रायडरची गर्दी. तो आतल्या गल्लीत गाडी लावतो. एकाच्या मते लांबची ऑर्डर नाकारली की तासभर शिक्षा असते, म्हणून तो वारज्याच्या पलीकडचीही घेतो आणि येताना रिकामा येतो, स्वतःच्या पेट्रोलवर. एक जण फोनची बॅटरी २० टक्क्यांखाली जाऊच देत नाही. का, तर मग ऑर्डर येत नाही म्हणे! यातलं खरं किती, हे कळायला आम्हाला मार्ग नाही. टपरीवर भांडणं होतात यावरून.

मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने फोन उचलला नाही. तीनदा लावला, खाली १५ मिनिटं भिजत उभा राहिलो. ऑर्डर रद्द झाली, तक्रार माझ्यावर आली आणि आयडी, म्हणजे ॲपवरचं माझं खातं, बंद. चार दिवस. चॅटवर विचारलं तर 'तुमची अडचण आम्ही समजतो' एवढंच उत्तर, तेही दरवेळी अक्षरन् अक्षर तेच. ऑफिसात गेलो, वॉचमनने ॲपवरच टाका म्हणून परत पाठवलं. गावाकडे पावसाने पीक गेलं तर निदान तलाठी पंचनाम्याला येतो.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम आमच्या सुरक्षेसाठी द्यायची, असं त्यात आहे. चांगलंच आहे. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं केंद्राचं ई-श्रम पोर्टल आहे, त्यावर नावही घातलंय मी. पण ऑर्डर कशाच्या आधारावर वाटतात, आयडी का बंद केला, हे विचारायची सोय तिथे नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला, त्यात ती आहे : काम आणि पैसे ठरवणारी यंत्रणा कशी चालते ते कामगाराला सांगायचं, आणि काढायचं तर लेखी कारण देऊन, १४ दिवस आधी कळवून. राजस्थानचा कायदा तर २०२३ चा. आपण कुठे आहोत?

कंपनीने सगळं गणित उघडं करावं, असं मी म्हणत नाही. नाकारलेल्या ऑर्डरीचा परिणाम होतो की नाही, एवढं मराठीत लिहून द्या. आणि आयडी बंद झाला तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एक माणूस असा बसवा, जो कंपनीला फोन लावून कारण विचारेल.

खाली नाव घालत नाही, आयडी चालू राहायला हवा. यावर बैठक घेऊन रायडरना बोलावणार असाल तर दुपारी ३ ते ५ ठेवा. तेव्हा ऑर्डरी कमी असतात.

आपला,
कोथरूडचा एक रायडर