गोठ्यातली घोरपड

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा बोलायला लागले की आई मागून बोलते आणि आई बोलायला लागली की बाबा फोन काढून घेतात, म्हणून सविस्तर लिहितोय. चष्मा लावून निवांत वाचा.

बाबा, तुम्ही विचारलंत, तुझ्या तिथल्या घरमालकाकडे एवढी मोठी घोरपड आहे, तूच तिचं सगळं करतोस, मग ही जखमी घोरपड आपल्या गोठ्यात का नाही राहणार? प्रश्न रास्त आहे. गुरं गेल्यापासून गोठा रिकामाच पडलाय. कुत्र्याच्या तोंडातून तिला सोडवलंत हे उत्तम केलंत. पण बरी झाल्यावरही ठेवून घ्यायची म्हणताय, ते नको.

इकडची घोरपड आग्नेय आशियातली, पाण्यात राहणारी. शेपटीसकट जवळजवळ सहा फूट. मी तिला आत्या म्हणतो. (रागावू नका. खोलीत कोणी शिरलं की मान उंच करून आधी नखशिखांत बघून घेते, जीभ दोनदा बाहेर काढते, मग तुमच्याशी संबंध ठेवायचा की नाही ते ठरवते.) घरमालकाने माडीवरची अख्खी खोली तिला देऊन टाकलीय.

सकाळचं पहिलं काम म्हणजे तिचं ऊन. इथे विलायतेत ते विजेवर तयार करावं लागतं. दिव्यांखालचा दगड ५० अंशांच्या वर तापवायचा, आणि खोलीचं दुसरं टोक २७-२८ अंशांवर ठेवायचं, म्हणजे तापली की तिला तिकडे जाता येतं. अंगाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजतं. अतिनील किरणांचा दिवा वेगळा. तो नसेल तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ होऊन वाकतात. गंमत म्हणजे हा दिवा दिसायला पेटलेला असतो, पण आतली किरणं कधीच संपलेली असतात, म्हणून तारीख लिहून ठरावीक काळाने बदलायचा. हवेत पावसाळ्यासारखा दमटपणा राहावा म्हणून फवारे. विजेचं बिल आलं की घरमालक दोन दिवस कोणाशी बोलत नाही.

तिला पूर्ण बुडता येईल एवढी टाकी आहे. शी तिथेच करायची असा तिचा नेम आहे. पाणी उपसायचं, घासायचं, पुन्हा भरायचं, आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि आपल्याला जुलाब-ताप व्हायला तेवढा पुरतो. कात टाकताना तिची बोटं टॉर्च लावून तपासतो. जुन्या कातडीचं कडं बोटाभोवती राहिलं तर ते आवळत जातं आणि बोट झडतं. एकदा हे बघत असताना तिने शेपटी हाणली. पोटरीवर वळ उठला होता, आईला तेव्हा सांगितलं नाही.

खाणं आठवड्यातून दोनदा. गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात सोडून लांब चिमट्याने द्यायचे, हाताने कधीच नाही. हात दिसला की खाऊ आला हे तिला लगेच कळतं, आणि मग बोट कुठलं नि उंदीर कुठला हा विचार ती करत नाही. पाळलेल्या घोरपडी उपाशी क्वचितच मरतात, लाडाने मरतात. यकृतावर चरबी चढते. तुम्ही रोज दोन अंडी देताय असं आई म्हणाली. बाबा, तुम्हाला डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच तिला लागू आहे. शिवाय अंड्यातला कच्चा पांढरा भाग रोज पोटात गेला तर बायोटिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

आता आपलं कुळागर, म्हणजे आपली माड-पोफळीची बाग, बघा. चैतात तापणारा जांभ्याचा बांध, पाटाचं पाणी, कुजलेल्या झावळ्यांखालचे किडे, खेकडे, बेडूक, घुशी. घरमालक महिन्याला एवढे पौंड ओतून जे उभं करतो ते तिथे आयतं आहे. मादीला अंडी घालायला खोल माती लागते. नर नसला तरी अंडी होतात, आणि जागा मिळाली नाही तर ती आत अडकून मादी मरू शकते. इथे त्यासाठी मातीने भरलेला मोठा पेटारा ठेवलाय. आपल्याकडची घोरपड रोयण, म्हणजे वारूळ, उकरून त्यात अंडी घालते. ज्या रोयणीला आपण सातेरी देवी म्हणून हात जोडतो तिच्यात तिचंही बाळंतपण होतं. गोठ्याच्या शेणाने सारवलेल्या जमिनीत काय उकरणार ती?

आणि कायदा. इथली आत्या कैदेतच जन्मलेली, तिची खरेदीची पावती आहे. आपली घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. पकडली, पाळली, कापली, काहीही केलं तरी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. तुमच्या घुमटाला, त्या मातीच्या वाद्याला, घोरपडीऐवजी बकऱ्याचं कातडं आलं ते याच कायद्यामुळे. नाद बसत नाही म्हणून तुम्ही कुरकुरलात, पण चवथीला आरत्या काही अडल्या नाहीत. प्रेमाने ठेवली होती हे कोर्टात सांगून भागत नाही.

मला जास्त भीती ही बातमी वाड्यावर, वस्तीत पसरण्याची वाटते. आईच्या गुडघ्यांना घोरपडीचं तेल चोळा म्हणणारा जो कोणी आलाय, त्याला चहा देऊन वाटेला लावा. ती गोठ्यात आहे हे दुकानावर बोलू नका.

आत्ता एवढंच करा. गोठ्याच्या फटींना गोणपाट लावून अंधार करा, पसरट भांड्यात पाणी ठेवा, खायला काही देऊ नका. जखमेवर हळद नको, रॉकेल तर मुळीच नको. शेपटी धरून उचलू नका. पालीसारखी तिची शेपटी पुन्हा येत नाही. आज वनखात्याला फोन करा. कुत्र्याचा दात लागलेली जखम वरून सुकते आणि आत पू होतो, डॉक्टरने बघायलाच हवी. न्यायला आले की त्यांना विचारा, बरी झाल्यावर वरच्या पाटाजवळच सोडता येईल का.

आई, खुराड्याला बारीक जाळी मारून घे, पैसे पाठवलेत. आणि कुत्रा दिवसा बांधा, रात्री बांधून उपयोग नाही. घोरपड उन्हं वर आल्यावर फिरते.

फोन केलात की मला कळवा. इथे रात्र असली तरी चालेल.

तुमचा,
बंडू